विमा नसलेल्या मोटारीचा अपघात आणि भरपाईचा हक्क

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा महामार्ग साक्री, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी आणि नवापूर ओलांडून गुजरात राज्यात प्रवेश करतो व सोनगड, व्यारा, बारडोली करीत सुरतेच्या वेशीला लागतो. पूर्वी या मार्गाचा क्रमांक ६ होता; आता तो ५३ झाला आहे. क्रमांक बदलला तरी वाहतुकीचे स्वरूप बदललेले नाही. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातील असंख्य कुटुंबे स्थायिक झालेली आहेत. लग्नसराईत व दिवाळीत त्यांच्या मोटारी व मोटारसायकली गावाकडे येतात आणि इकडच्या मोटारी कापडाच्या खरेदीसाठी सुरतेच्या बाजारात जातात. अशा प्रवासात अपघात झाला आणि नेमक्या त्याच वेळी वाहनाच्या विम्याची मुदत संपलेली असली, तर वाहनधारकाची स्थिती काय होते, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात.

समजा, साक्री तालुक्यातील एका गृहस्थाची मोटार उधना-नवसारी रस्त्यावर सिग्नलपाशी उभी आहे. मागून भरधाव आलेल्या टेंपोने तिला धडक दिली. डिकी चेपली, मागची काच फुटली, सांगाड्यालाही बाक आला. गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा अंदाज ८०,००० रुपये सांगितला. गृहस्थाने कागद काढून पाहिले तेव्हा विम्याची मुदत बारा दिवसांपूर्वीच संपल्याचे ध्यानात आले. टेंपोचालक व्यवहारचतुर. ‘साहेब, तुमचाच विमा नाही. पोलिसांत गेलात तर तुम्हीच अडकाल,’ असे म्हणून त्याने ५,००० रुपये पुढे केले. गृहस्थाने ते घेतले, ‘आपसांत मिटले’ अशा चिठ्ठीवर सही केली आणि तो घरी परतला.

या गृहस्थाने दंडाच्या भीतीने स्वतःचा हक्क सोडून दिला. ही भीती कितपत खरी होती, हे पाहिले पाहिजे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १४६ अन्वये त्रयस्थ व्यक्तीच्या जोखमीचा विमा उतरविल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरता येत नाही. या तरतुदीचा भंग केल्यास कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा गुन्हा घडल्यास दंडाची रक्कम ४,००० रुपये आहे. वाहन चालविणारा आणि ते चालवू देणारा मालक हे दोघेही या कलमाखाली येतात. तेव्हा आपल्या गृहस्थाकडून गुन्हा घडला होता यात शंका नाही. परंतु तो गुन्हा शासनाविरुद्धचा आहे. टेंपोचालकाच्या निष्काळजीपणाशी त्याचा काही संबंध नाही. उभ्या मोटारीजवळ वैध विमापत्र असते तर धडक टळली असती काय? टळली नसती. म्हणूनच विमा नसणे ही गोष्ट अपघाताचे कारण ठरत नाही व भरपाईच्या हक्काला तिने बाध येत नाही. वाहन चालविण्याच्या परवान्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच तत्त्व सांगितले आहे: केवळ परवाना नव्हता एवढ्यावरून चालकाचा अपघातात वाटा होता असे मानता येत नाही, निष्काळजीपणा स्वतंत्रपणे सिद्ध व्हावा लागतो.

तात्पर्य, टेंपोचा मालक, चालक आणि टेंपोची विमा कंपनी यांच्याविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे कलम १६६ खाली अर्ज करण्याचा मार्ग या गृहस्थाला पूर्ण मोकळा होता. हे न्यायाधिकरण केवळ मृत्यू व दुखापतीचे दावे ऐकते असा समज आहे; तो बरोबर नाही. त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही त्याच्या कक्षेत येतो. प्रचलित विमापत्रांत मोटारी व मालवाहू वाहने यांच्याबाबत अशा नुकसानीची मर्यादा सामान्यतः साडेसात लाख रुपये असते. क्वचित एखादा मालक हप्त्यात थोडी सूट मिळावी म्हणून ती ६,००० रुपयांवर आणून ठेवतो. तसे असल्यास वरची रक्कम मालकाकडूनच वसूल करावी लागते.

विम्याअभावी या गृहस्थाने खरोखर जे गमावले ते वेगळेच आहे. स्वतःच्या विमा कंपनीकडून दुरुस्तीचा खर्च तत्काळ मिळण्याची सोय त्याला राहिली नाही. मालक-चालकासाठी असलेल्या १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याचे संरक्षणही, ते वेगळे घेतलेले नसल्यास, गेले. शिवाय कंपनीचा सर्वेक्षक येऊन नुकसानीची मोजदाद करीत नाही, त्यामुळे पुराव्याचा सारा भार त्याच्यावर पडतो. अशा वेळी वाहन हलविण्यापूर्वी दोन्ही वाहनांची छायाचित्रे नंबरपट्टीसह घ्यावीत, पोलिसांत वर्दी देऊन पंचनाम्याची प्रत मागावी आणि दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी परवानाधारक सर्वेक्षकाकडून नुकसानीचे मूल्यांकन करून घ्यावे. गॅरेजचे कच्चे बिल न्यायाधिकरणापुढे फारसे टिकत नाही. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल आणि पैसे दिल्याची पावती हवी. बदललेले जुने भागही शक्यतो जपून ठेवावेत.

दोष दोन्ही बाजूंचा असेल तर हिशेब असा होतो. मोटारीचे नुकसान ८०,००० रुपये, टेंपोचे ४०,००० रुपये आणि मोटारचालकाचा दोष तीस टक्के ठरला, असे धरू. मोटारमालकास टेंपोच्या विमा कंपनीकडून ५६,००० रुपये मिळू शकतील; पण टेंपोच्या नुकसानीपैकी १२,००० रुपये मात्र त्याला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतील. विमा असता तर तो भार विमा कंपनीने उचलला असता.

दोष आपलाच असेल तर

येथे बारा हजारांची गोष्ट राहत नाही. विमा नसलेल्या वाहनाने एखाद्याचा जीव गेला किंवा कोणी कायमचा पंगू झाला, तर ठरलेली संपूर्ण भरपाई मालकाला स्वतः द्यावी लागते. मयताचे वय, उत्पन्न व अवलंबून असणारी माणसे यांवरून ती काढली जाते आणि मिळवत्या तरुणाच्या बाबतीत ती अनेक लाखांत जाते. घर, शेत, दुकान यांपर्यंत वसुली पोहोचू शकते. अपघातग्रस्ताच्या वारसांनीही ‘गाडीचा विमाच नव्हता, आता कोण देणार’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. ज्या विमाहीन वाहनाने मृत्यू, दुखापत वा मालमत्तेचे नुकसान घडविले ते वाहन मालकाने पुरेसे तारण दिल्याखेरीज सोडू नये, आणि तीन महिन्यांत तारण न दिल्यास त्याचा लिलाव करून येणारी रक्कम दावा न्यायाधिकरणाकडे जमा करावी, असा नियम करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सर्व राज्यांना दिले आहेत. जुन्या मोटारसायकलीच्या लिलावातून कितीसे येणार, हा प्रश्न रास्तच आहे. तथापि तारणाची अट मालकाला समोर आणते, हा तिचा मोठा उपयोग.

येथे सुरतेच्या जुन्या गाड्यांसंबंधी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. ‘जीजे ०५’ क्रमांकाच्या कितीतरी मोटारसायकली खानदेशातील खेड्यांत फिरताना दिसतात. विक्री झालेली असते, पैसे पोहोचलेले असतात, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहते. अशा गाडीने अपघात केल्यास कायद्याच्या दृष्टीने नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव तोच मालक होय, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. गाडी चार हातांतून फिरली असली तरी जबाबदारी सुरतेत बसलेल्या पहिल्या मालकावर येते. विकणाऱ्याने विक्रीची माहिती त्याच राज्यात १४ दिवसांत, तर दुसऱ्या राज्यात विक्री झाल्यास ४५ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळविणे कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे.

विम्याच्या दोन तारखा

दिनांक १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ जोखमीचा विमा तीन वर्षांचा व दुचाकीचा पाच वर्षांचा एकदम उतरविला जातो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. परिणामी विमापत्रावर दोन वेगवेगळ्या तारखा असतात आणि घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. पहिली मुदत संपली म्हणजे सर्वच विमा संपला असे समजून काहीजण घाबरतात, वास्तविक कायद्याला हवा असलेला विमा चालू असतो. उलट, पाच वर्षांचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या दुचाकीधारकाला पाच वर्षे केव्हा उलटली हे कळतही नाही.

अपघातानंतर घाईघाईने हप्ता भरण्याचा मोह काहींना होतो. त्याचा उपयोग नाही. हल्ली विमापत्रावर जोखीम सुरू होण्याची तारीख व वेळ दोन्ही नमूद असतात, आणि त्या क्षणापूर्वीच्या अपघाताची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही.

एस. टी. बस किंवा शासकीय वाहन यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना कलम १४६ मधून सूट मिळू शकते. परंतु विमापत्र नाही म्हणून भरपाई नाही असे होत नाही. तेथे महामंडळ किंवा शासन स्वतः देणेकरी असते. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोधच लागला नाही, तर २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये मिळतात. वाहनाच्या मोडतोडीबद्दल या योजनेत काही मिळत नाही.

दाव्याची मुदत आता अपघाताच्या दिनांकापासून सहा महिने इतकीच आहे. दिनांक १ एप्रिल २०२२ पूर्वी ती नव्हती, म्हणून जुन्या अनुभवावर विसंबणाऱ्यांची फसगत होते. अपघात सुरतेत झाला तरी दावा सुरतेतच लावला पाहिजे असे नाही. अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे धुळे, नंदुरबार किंवा जळगाव येथेही तो दाखल करता येतो. सुरतेच्या पोलीस ठाण्यातील फिर्याद व पंचनामा हे कागद बहुधा गुजरातीत असतात. त्यांच्या प्रमाणित प्रती परतीच्या प्रवासापूर्वीच मागवून ठेवाव्यात आणि मराठी भाषांतरासाठी लागणारे दिवस सहा महिन्यांच्या हिशेबात धरावेत.