वाळूच्या पेटीतील जग

आमचा व्यवसाय घाऊक धान्याचा. ज्वारी-हरभऱ्याच्या भावापलीकडील विषयावर लेखणी उचलण्याचा आम्हांस फारसा अधिकार नाही. तथापि, गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी जे घडले ते व्यापारी बंधु-भगिनींच्या उपयोगी पडावे, म्हणून हे चार शब्द.

आमच्या दहा वर्षांच्या नातवाच्या पोटात रोज सकाळी शाळेच्या वेळी कळ येऊ लागली. तपासण्या झाल्या, दोष निघेना. रविवारी पोट दुखत नसे, यावरून आम्ही हे ढोंगच ठरविले आणि एके दिवशी हात धरून त्यास शाळेपर्यंत ओढत नेले. फाटकाशी तो थरथर कापू लागला. तो कापरा हात अजून आमच्या हातास आठवतो.

ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी त्यास एकही प्रश्न विचारला नाही. समोर वाळूची एक उथळ पेटी, आणि फळ्यांवर चिमुकली माणसे, जनावरे, घरे, झाडे, गाड्या. ‘तुला हवे ते मांड,’ एवढेच सांगितले. पेटीचा तळ निळा. वाळू बाजूस सारली की पाणी दिसते. फीचा आकडा ऐकून आम्ही कुरकुरलो; खेळण्याचे का पैसे द्यावयाचे?

पुढे बाईंकडूनच या पद्धतीचा इतिहास कळला. मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टर बाईंनी १९२८ साली लंडनमध्ये भित्र्या व हट्टी मुलांसाठी दवाखाना काढला. जमिनीवर खेळणी मांडून खेळावयाच्या खेळांवर एच. जी. वेल्स यांनी १९११ साली एक पुस्तक लिहिले होते. ते त्यांच्या स्मरणात होते. दवाखान्यातील मुलांनी खेळणी वाळूत मांडली आणि त्यास ‘जग’ म्हटले. नाव मुलांचेच! पुढे स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी लंडनला जाऊन ही पद्धती अभ्यासिली व ‘सँडप्ले’ या नावाने वाढविली.

मर्म असे की, लहान मुलास भीती शब्दांत सांगता येत नाही. ती पोटात, हातापायांत बसते. वाळूत मांडली म्हणजे ती त्याच्या बाहेर येते, डोळ्यांस दिसते, हाताने हलविता येते. तेथे चूक-बरोबर नाही, गुण नाहीत. चित्रे, माती, संगीत यांच्या द्वारेही असेच उपचार करितात. अर्थात वाळूत काही जादू नाही. भीती फार असल्यास इतर उपचार, प्रसंगी औषधही लागते.

पहिल्या दिवशी नातवाने एक कुत्रे वाळूत पुरले व भोवती कुंपण घातले. कित्येक आठवडे तेच. बाईंनी अर्थ विचारला नाही. आम्ही असतो तर पहिल्याच मिनिटास विचारला असता. एके दिवशी त्याने कुंपणाची एक काठी काढली आणि कुत्र्याकडे पाहतच बोलला, ‘हा वाचताना अडखळतो. मग सगळे हसतात.’

आमच्या मुलाने व सूनबाईंनी वर्गशिक्षिकेची भेट घेतली. काही महिने मोठ्याने वाचण्यातून त्यास सूट मिळाली. पोटदुखी एकदम गेली नाही. सोमवारी अजूनही कधी येते.

धान्याच्या राशीत हात खुपसणाऱ्या पोरांना आम्ही जन्मभर दटावीत आलो. नमुने मिसळतात म्हणून. आता दुकानात एका घमेल्यात तांदळाची कणी घालून ठेविली आहे. शनिवारी दुपारी नातू त्यात आपले गाव मांडतो. परवा शाळेच्या फाटकाबाहेर त्याने टोपीवाला एक म्हातारा बाकावर बसविला. तो कोण, हे आम्ही विचारले नाही.