बोर्डावर ‘स्पेशालिस्ट’ लिहिताय? आधी हे तीन प्रश्न



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, “मॅडम, दोन दिवसांचा कोर्स केलाय. पार्लरच्या बोर्डावर ‘स्किन स्पेशालिस्ट’ लिहू का?”

मला माझंच दुकान आठवलं. सुरुवातीला मीही असाच एक कोर्स करून ‘सर्टिफाइड एक्सपर्ट’ लिहिलं होतं. एक काकू आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सर्टिफाइड कोणी केलं गं तुला?” मला धड सांगता येईना. काकू काहीही न घेता गेल्या. त्याच आठवड्यात मी बोर्ड उतरवला.

या बाबतीत अमेरिकेतल्या कायरोप्रॅक्टरांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. कायरोप्रॅक्टर म्हणजे मणका आणि सांध्यांवर हाताने उपचार करणारे. तिथे धंद्याचं लायसन्स राज्याचं बोर्ड देतं. विशेष सर्टिफिकेटं मात्र वेगळ्या खासगी संस्था देतात. एक्स-रे वाचण्यातली ‘डिप्लोमेट’ पदवी हवी तर काही वर्षांची पूर्णवेळ रेसिडेन्सी करावी लागते. दुसरीकडे शनिवार-रविवारचे सेमिनारही असतात. भिंतीवर फ्रेम लावली की पेशंटला दोन्ही सारखंच दिसतं! म्हणून जाहिरातीवर नियम आले. ते राज्यागणिक बदलतात, पण गाभा एकच: पेशंटची दिशाभूल करायची नाही.

मग सर्टिफिकेट लिहायचंच नाही का? तसंही नाही. १९९० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एका वकिलाचं प्रकरण गेलं. त्याने लेटरहेडवर खासगी संस्थेचं सर्टिफिकेट छापलं होतं. कोर्टाने सांगितलं की माहिती खरी आहे आणि पडताळता येते, त्यामुळे सरसकट बंदी घालता येणार नाही. मात्र गैरसमज होण्यासारखा असेल तर राज्य खुलासा छापायला सांगू शकतं.

ब्रिटनमध्ये ‘कायरोप्रॅक्टर’ हे नावच १९९४ च्या कायद्याने राखीव आहे. नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. नावाआधी ‘डॉ.’ लावून जाहिरात केली, तर आपण वैद्यकीय डॉक्टर नाही हे स्पष्ट दिसावं लागतं.

आता आपल्याकडे या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जाहिरातीची व्याख्या खूप मोठी आहे. वेबसाइट, लेबल, सूचना, इतकंच काय, बिलसुद्धा त्यात येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. “मी तर छोटा दुकानदार” ही सबब धरून बसू नका.

म्हणून बोर्ड रंगवायला देण्याआधी स्वतःला विचारा:

१. सर्टिफिकेट कोणी दिलं? संस्थेचं पूर्ण नाव लिहिता येतं का?
२. ग्राहकाला ते तपासता येतं का?
३. वाचून त्याला मी आहे त्यापेक्षा मोठी वाटेन का? ‘डॉ.’ आणि ‘स्पेशालिस्ट’ इथेच अडकतात.

ताईंना मी सांगितलं, “‘फेशियल आणि स्किन केअरचं प्रशिक्षण’ असं लिहा, खाली संस्थेचं नाव आणि वर्ष टाका.” शब्द साधे झाले, पण आता कोणत्याही काकूंनी विचारलं तरी ताईंकडे उत्तर तयार आहे.

तुमच्या बोर्डावर काय लिहिलंय? आज शटर ओढताना एकदा ग्राहकाच्या नजरेने वाचून बघा.