फाइल सापडली नाही, मग काय गृहीत धरायचं?

मागच्या वेळी आपण प्रोग्रामचे मॉड्यूल कसे पाडायचे ते पाहिलं. आज पुढचा प्रश्न : या मॉड्यूलना लागणारी माहिती बाहेरच्या कॉन्फिग फाइलमधून आत कशी आणायची? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, हे सगळं निवृत्तीनंतर शिकलो. पण प्रश्न मला ओळखीचा वाटला.

न्यायशास्त्रात 'जिथे धूर तिथे अग्नी' ही झाली व्याप्ती, म्हणजे नियम. 'या डोंगरावर धूर आहे' ही पक्षधर्मता, म्हणजे समोरची वस्तुस्थिती. नियम तोच राहतो, वस्तुस्थिती मात्र दर वेळी पाहावी लागते. कोड हा नियम आणि कॉन्फिग फाइल ही वस्तुस्थिती.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग झोन १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याचा होता. २००२ साली आयएस १८९३ हे मानक सुधारलं, तेव्हा झोन १ हा झोन २ मध्ये विलीन झाला आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये गेला. त्या मानकात झोन २ चा गुणांक ०.१० होता, झोन ३ चा ०.१६. बाकी सगळं तेच धरलं, तरी इमारत ज्या बलासाठी बांधायची ते १.६ पट होतं.

आता समजा, इमारतीचा आराखडा तपासणारा प्रोग्राम आहे. एक मॉड्यूल बल काढतं, दुसरं अहवाल छापतं. दोन्हींत कुणीतरी ०.१० हा आकडा लिहून ठेवलाय. मानक बदललं, तुम्ही एका ठिकाणी दुरुस्ती केली, दुसरीकडे राहून गेली. मग हिशेब एक सांगतो आणि कागद दुसरंच! सूत्र बदललेलं नाही, आकडा बदललाय. म्हणून आकडा बाहेर, एकाच फाइलमध्ये ठेवायचा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, फाइल कोणी वाचायची? प्रत्येक मॉड्यूलने नव्हे. प्रोग्राम सुरू होताना मुख्य भागाने ती एकदाच वाचावी आणि ज्याला जेवढं लागतं तेवढंच हातात द्यावं. मग एखादं मॉड्यूल तपासताना खरी फाइल लागतच नाही, हवा तो आकडा देऊन पाहता येतं.

दुसरी, शोधायची कुठे? नुसतं फाइलचं नाव लिहिलं, तर ती प्रोग्राम जिथे ठेवलाय तिथे नव्हे, तर आपण ज्या फोल्डरमधून तो चालवतो तिथे शोधली जाते. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. तेव्हा पत्ता प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेपासून धरा, नाहीतर चालवताना पूर्ण द्या.

तिसरी, वाचल्यावर तपासा. ०.१६ च्या जागी कुणी १६ टाइप केलं, तर ते दारातच अडलं पाहिजे.

आणि फाइल सापडलीच नाही तर? पुष्कळ जण कोडमध्ये डीफॉल्ट ठेवतात : नसेल तर ०.१० धरा. प्रोग्राम कुरकुर न करता चालतो, अहवाल सुबक छापतो, आणि झोन ३ मधलं घर झोन २ च्या हिशेबाने पास होतं. कुणाला पत्ताही लागत नाही. अक्षरांचा आकार चुकला तर काही बिघडत नाही, तिथे डीफॉल्ट जरूर ठेवा. इथे मात्र प्रोग्रामने थांबावं आणि स्पष्ट सांगावं : कोणती फाइल, कुठे शोधली, कोणता आकडा मिळाला नाही.

आपल्याकडे अनुपलब्धीची चर्चा आहे. एखादी वस्तू दिसली नाही, म्हणून ती नाही, असं केव्हा म्हणता येतं? असती तर नक्की दिसली असती, अशा जागी नीट पाहिलं असेल तेव्हाच. चुकीच्या फोल्डरात डोकावून 'नाही' म्हणणाऱ्या प्रोग्रामला तो अधिकार नाही. किल्लारीनंतर आपल्यालाही हे कळलं. धोका दिसला नव्हता, म्हणजे तो नव्हता असं नव्हे.

आज इथेच थांबतो. आता प्रश्न घेऊ.