विश्लेषण : बाळ येण्याआधीची दोघांची सहल, ‘सातवा महिना’ विमानतळावर का चालत नाही?

गोव्याचा विमानतळ, चेक-इन काउंटर. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, कितवा आठवडा?” माझा हॉस्टेलचा रूममेट बायकोच्या आधीच बोलला, “सातवा महिना.” तिने पुन्हा शांतपणे विचारलं, “आठवडा?” मग दोघांनी मोबाइलमध्ये सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडला, बोटांवर मोजलं. २८ आठवडे ३ दिवस. चार दिवसांपूर्वी पुण्याहून निघताना हाच आकडा २७ आठवडे ६ दिवस होता आणि कुणीही अडवलं नव्हतं. आता डॉक्टरांचं ‘फिट टू फ्लाय’ पत्र हवं होतं. ते नव्हतं. विमान त्यांना न घेताच गेलं.

दुसऱ्या दिवशी पणजीतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी, पत्र, नवं तिकीट आणि हॉटेलची एक जादा रात्र. जिवावर बेतेल असं काही नव्हतं, पण ‘रिलॅक्स’ व्हायला गेलेल्या जोडप्याचा शेवटचा दिवस रडारडीत गेला.

हल्ली या सहलीला ‘बेबीमून’ म्हणतात. हॉटेलांची पॅकेजेस आहेत, फोटोशूट आहे, केक आहे. मात्र ही सहल नेमकी कधी करायची, कुठे करायची आणि सोबत काय ठेवायचं, हे त्या पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं.

बेबीमून म्हणजे नेमकं काय?

गंमत म्हणजे हा शब्द आधी उलट्या अर्थाने वापरला जायचा. बाळंतपणावर लिहिणाऱ्या ब्रिटिश लेखिका शीला किट्झिंगर यांनी तो बाळ जन्मल्यानंतर आई-बाबांनी त्याच्यासोबत घालवायच्या निवांत दिवसांसाठी वापरला होता. पुढे पर्यटन व्यवसायाने तो उचलला आणि बाळाच्या आधी आणून ठेवला.

आपल्याकडे मात्र या सहलीला वेगळं कारण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत अनेक घरांत अजून आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर परतते. म्हणजे नवरा-बायको चार-सहा महिने दोन गावांत. परत भेटतात तेव्हा घरात तिसरं माणूस असतं. त्यामुळे डोहाळजेवणाच्या आधीचे काही आठवडे हे खरोखरच दोघांचे शेवटचे मोकळे दिवस असतात.

मग योग्य वेळ कोणती?

वैद्यकीयदृष्ट्या सर्वसाधारण उत्तर आहे १४ ते २८ आठवडे. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या, थकवा आणि गर्भपाताचा धोका जास्त. शेवटच्या तीन महिन्यांत पोटाचा भार, पायांना सूज आणि अकाली प्रसूतीची शक्यता. मधला काळ त्यातल्या त्यात सुखाचा.

माझ्या मते ही खिडकी प्रत्यक्षात आणखी लहान आहे. साधारण १८ ते २० आठवड्यांत ‘अ‍ॅनॉमली स्कॅन’ होतो. बाळाच्या अवयवांची वाढ आणि वारेची जागा त्यात तपासली जाते. हा रिपोर्ट हातात येण्याआधी परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका. वार खाली असेल किंवा गर्भाशयाचं तोंड आखूड दिसलं तर डॉक्टर प्रवासाला नाही म्हणू शकतात. शिवाय एखादी पुढची तपासणी सुचवली गेली तर ती लगेच करावी लागते. २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणीही असते, तिची तारीख आधीच विचारून ठेवा.

एक उदाहरण घेऊ. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १ जून असेल तर २० आठवडे १९ ऑक्टोबरला पूर्ण होतात, २८ आठवडे १४ डिसेंबरला आणि प्रसूतीची अंदाजे तारीख ८ मार्च. कागदावर आठ आठवडे मिळाले. त्यातून दिवाळी वगळा, साखरेच्या तपासणीचा दिवस वगळा, डोहाळजेवणाची तयारी वगळा. उरतात तीन-चार शनिवार-रविवार. सहल त्यातच बसवायची आहे.

महिने आणि आठवडे यांचा गोंधळ का होतो?

कारण दोन घरांत दोन प्रकारे मोजतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. ४० आठवडे म्हणजे पूर्ण दिवस. घरात कुणी चार आठवड्यांचा एक महिना धरतं, कुणी कॅलेंडरचा. २८ आठवडे म्हणजे पहिल्या हिशेबाने सात महिने पूर्ण, दुसऱ्या हिशेबाने साडेसहाही नाहीत. कॅलेंडरने ‘सातवा चालू’ म्हणजे साधारण २६ ते ३० आठवडे. यातल्या २७ व्या आठवड्यात पत्र लागत नाही, २९ व्या आठवड्यात लागतं. उत्तर मात्र दोन्ही वेळा ‘सातवा’ हेच. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी एकक न लिहिल्याबद्दल मार्क कापायचे, ते आठवलं.

विमानाचे नियम काय सांगतात?

देशांतर्गत उड्डाणांत सर्वसाधारण चित्र असं : २८ आठवड्यांपर्यंत पत्राशिवाय प्रवास, त्यानंतर डॉक्टरांचं पत्र आणि ३६ आठवड्यांच्या आसपास बंदी. जुळं असेल तर ही मर्यादा ३२ आठवड्यांच्या आसपास. प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतात, पत्र किती दिवसांपूर्वीचं चालेल हेही वेगळं असतं. म्हणून तिकीट काढतानाच त्या कंपनीच्या वेबसाइटवरचा नियम वाचा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

सर्वात महत्त्वाचं, मोजणी परतीच्या तारखेची करा. रूममेट फसला तो इथेच. खरं तर २८ च्या आतही पत्र सोबत असलेलं बरं. त्यात किती आठवडे झाले, गर्भ एक आहे की जुळं, प्रसूतीची अंदाजे तारीख आणि प्रवासाला हरकत नाही, एवढं असलं की काम होतं.

विमानात बाळाला त्रास होतो का, हा नेहमीचा प्रश्न. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवतात. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, त्यावरून अंदाज येईल. निरोगी गरोदरपणात दीड-दोन तास हे चालून जातं. हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा सिकलसेलचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांशी आधी बोलायलाच हवं. सुरक्षा तपासणीच्या दारातून जायला हरकत नाही, मेटल डिटेक्टरमध्ये एक्स-रे नसतो.

रेल्वे की कार?

रेल्वेचा मोठा फायदा म्हणजे उठून फिरता येतं आणि टॉयलेट जवळ असतं. ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरच्या महिला आणि गर्भवती यांच्यासाठी खालच्या बर्थचा एकत्रित कोटा आहे. गर्भवतींसाठी डॉक्टरांचा दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर जावं लागतं. मुंबई-मडगाव वंदे भारत वेगवान आहे, पण ती चेअर कार आहे. आडवं व्हायची सोय नाही, त्यामुळे पाठदुखी असेल तर रात्रीची बर्थवाली गाडी बरी.

कारने जाणार असाल तर दर दीड-दोन तासांनी थांबून पाच मिनिटं चाला. गरोदरपणात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो आणि तासन्‌तास बसून राहिल्याने त्यात भर पडते. सीटबेल्ट टाळायचा नाही. खालचा पट्टा पोटावरून नाही तर पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर ओटीपोटाच्या हाडांवर. वरचा पट्टा छातीच्या मधून, पोटाच्या कडेने.

आणि खड्डे? निरोगी गरोदरपणात गाडीच्या साध्या धक्क्यांनी गर्भपात होतो, याला आधार नाही. तरी पाठ आणि कंबर धरते, ते सहा तास सहन कशासाठी करायचं? मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चाललेलं आपण पाहतोच आहोत. कोकणात जायचं असेल तर रेल्वेने जा, एवढं माझं स्पष्ट मत.

जागा कशी निवडायची?

व्ह्यू नंतर बघा. आधी मॅपवर ‘हॉस्पिटल’ टाका. ज्या ठिकाणाहून तासाभरात स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तपेढी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठता येईल, ती जागा चांगली.

या चाळणीतून पाहिलं की यादी बदलते. लोणावळा फारच नेहमीचं वाटेल, पण द्रुतगती मार्गावर आहे, वाटेत बरी स्वच्छतागृहं आहेत आणि तळेगाव, पिंपरी-चिंचवड जवळ आहे. नाशिकच्या द्राक्षमळ्यांतली रिसॉर्ट्स चालतील (वाइन टेस्टिंग सोडून; गरोदरपणात दारूचं सुरक्षित प्रमाण नाही). मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, कारसकट सुमारे तासाभरात पलीकडे. स्पीडबोट मात्र नको.

तारकर्लीचा समुद्र सुंदर आहे, मलाही आवडतो. पण सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण आजही गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला न्यावे लागतात, आणि मालवणहून ते गाडीने दोन-तीन तासांवर आहे. तोच समुद्र मडगाव-पणजीजवळ पाहिला तर हे अंतर खूप कमी होतं. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही. पुढे लाल मातीची वाट आहे, आणि घोडा तर या दिवसांत नकोच. हिमाचलचा विचार असेल तर साडेसहा-सात हजार फुटांवरच्या मनालीपर्यंत ठीक. रोहतांग १३ हजार फुटांवर आणि लेह साडेअकरा हजार फुटांवर, या दोन्ही जागा पुढच्या वेळी.

तिथे गेल्यावर काय टाळायचं?

स्कूबा डायव्हिंग पूर्ण बंद. बनाना राइड, पॅरासेलिंगही नाही. पोहायला हरकत नसते. हॉटेलच्या ‘कपल पॅकेज’मध्ये जकुझी आणि सौना असतो, तो सोडा. फार गरम पाण्याने शरीराचं तापमान वाढतं, ते बाळासाठी चांगलं नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीची किंवा कोकणातली गरम पाण्याची कुंडंही यातच येतात.

मासे खा, पण शिजवलेले. बांगडा, तारली उत्तम. मोरी म्हणजे शार्क, त्यात पारा जास्त असतो, ती नको. सुरमईसारखा मोठा मासा रोज नको.

डासांकडे मात्र गांभीर्याने बघा. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात रुग्ण सापडले, त्यात गर्भवतीही होत्या. गरोदरपणात झिका झाला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. त्याचा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डॉक्टरांना विचारून डीट असलेलं मलम. हा विषाणू शरीरसंबंधांतूनही पसरतो, म्हणजे काळजी नवऱ्यानेही घ्यायची. साथ सुरू असलेल्या भागात जाऊच नका.

परदेशात जाऊन ‘मुलगा की मुलगी’ कळवून घेण्याची एक टूम आली आहे. २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या एका यूट्यूबरने दुबईत चाचणी करून तो व्हिडीओ टाकला आणि आरोग्य विभागाची नोटीस घरी आली. आपल्या देशात गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच स्वतःचा कायदा केला होता.

विमा आणि रजेचं काय?

बहुतेक ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये गरोदरपणाशी संबंधित खर्च वगळलेला असतो. अटी वाचा, विशेषतः परदेशात जाणार असाल तर. नेहमीच्या आरोग्य विम्यातही बाळंतपणासाठी प्रतीक्षा कालावधी असतो.

रजेचा हिशेब जास्त महत्त्वाचा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येते. बेबीमूनसाठी ती मोडू नका, साधी रजा घ्या. नवऱ्याची अडचण वेगळी आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीत असा सक्तीचा कायदा नाही. कंपनी देईल तेवढी. त्यामुळे साठलेल्या बारा रजांपैकी आठ बीचवर संपवल्या आणि बाळ रात्री तीनला रडत असताना सकाळी नऊचा स्टँडअप कॉल, हे होऊ देऊ नका. दोन रात्री, तीन दिवस पुरतात.

कुणी अजिबात जाऊ नये?

रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, आधीची प्रसूती वेळेआधी झाली असेल किंवा जुळं असेल, तर निर्णय डॉक्टरांचाच. घरचे ‘या दिवसांत प्रवास कशाला’ म्हणत असतील तर आईला किंवा सासूबाईंना एकदा तपासणीला सोबत न्या. तोच होकार डॉक्टरांच्या तोंडून ऐकला की निम्मा वाद तिथेच मिटतो.

निघताना सगळे रिपोर्ट, रक्तगट आणि औषधांची चिठ्ठी फोनमध्ये ठेवा आणि एक प्रत कागदावरही. घाटात रेंज नसते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्रात आणि गोव्यातही चालतो. रक्तस्राव, पाणी जाणं, थांबून थांबून पोट दुखणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा एकाच पायाला सूज, यातलं काहीही झालं तर घरी पोहोचायची वाट न पाहता जवळचं रुग्णालय गाठा.

रूममेटची बायको आता नांदेडला माहेरी आहे. फोनवर त्याला विचारलं, कितवा? “३३ आठवडे ५ दिवस,” तो म्हणाला.