रस्त्यावरची रोजी : लेखांक सातवा – लहान मालकाची गाडी

गेल्या लेखांकात आपण मालवाहतुकीच्या थोरल्या पेढ्यांचा कारभार पाहिला. तेथे चालकाची भरती कशी होते, हजेरी कोण मांडतो आणि वेतन ठरल्या तारखेस खात्यावर कसे जमा होते, याची हकिकत सांगितली. परंतु तळेगाव दाभाड्याहून इंदोरी, सुदुंबरे, खालुंब्रे, म्हाळुंगे अशा वाटेने चाकणकडे पहाटे मालमोटारींचा जो ओघ लागतो, त्यातील एकेका गाडीच्या दारावरची अक्षरे वाचीत उभे राहिले तर ध्यानात येते की, थोरल्या पेढ्यांची नावे त्यात थोडी, आणि कुलदैवताचे, गावाचे अथवा मालकाच्या धाकट्या लेकीचे नाव मिरवणाऱ्या गाड्याच पुष्कळ. या दुसऱ्या प्रकारच्या गाडीवर नोकरी पत्करावी की नाही, हा प्रश्न नवा परवाना खिशात घालून येणाऱ्या तरुणाला पहिल्याच आठवड्यात पडतो, आणि त्याला मिळणारी उत्तरे बहुधा सांगणाऱ्याच्या शेवटच्या भांडणावर अवलंबून असतात.

लहान कंपनी म्हणजे काय, हे आधी ठरविले पाहिजे. पाच-सात गाड्या, त्यांपैकी दोन-तीन अजून हप्त्यांत अडकलेल्या. दप्तर म्हणजे रस्त्यालगतचा एक गाळा, त्यात टेबल, बिल्ट्यांची पुस्तके, कोपऱ्यात ताडपत्री आणि दोरखंडाची वेटोळी. आणि मालक हाच कारकून, हाच मुकादम, हाच वसुलीसाठी कारखान्यांचे उंबरे झिजविणारा. जुन्या मराठीत ज्याला हुंडेकरी म्हणत, म्हणजे ठरीव भाड्यात माल पोहोचविण्याची हमी घेणारा, त्याचाच हा वंशज होय; फरक इतकाच की, आज त्याला माल प्रत्यक्ष कारखान्याकडून क्वचित मिळतो, आणि बहुधा एखाद्या थोरल्या पेढीने घेतलेल्या कामातला तुकडा त्याच्या वाट्याला येतो.

अशा ठिकाणच्या नोकरीचे पहिले सुख म्हणजे मालकाचा चेहरा. थोरल्या पेढीत रजेची दरखास्त एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरते. येथे सायंकाळी गाडी लावताना “शेठ, बहिणीचं लग्न आहे, चार दिवस जाऊन येतो” एवढे सांगितले की पुरते, आणि वर दहा-वीस हजारांची उचलही पदरात पडण्याचा संभव असतो. मालक पुष्कळदा स्वतःच एकेकाळी किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, म्हणून ताडपत्री ओढीत वाढलेला असल्यामुळे कमानीचा पाटा तुटून गाडी रात्री रस्त्यात बसली म्हणजे काय होते, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय एक गाडी एकाच चालकाच्या हाती राहते. तिचा क्लच कोठे धरतो, कोणत्या चढावर ती दम टाकते, हे ज्याला ठाऊक, त्याच्याच ती स्वाधीन असावी, यात सोय आहे तसा एक अभिमानही आहे, आणि रोज निराळ्या गाडीवर तैनात होणाऱ्याला तो कळावयाचा नाही. तळेगावच्या लहान मालकांची कामे तर बहुतांशी जवळची : चाकण, रांजणगाव, भोसरी, फार तर घाट उतरून न्हावाशेवा. त्यामुळे महिन्यातील पुष्कळ रात्री चालक घरी जेवतो. ज्याने दिल्ली-कोलकात्याच्या खेपा केल्या आहेत, त्याला या गोष्टीचे मोल पगाराच्या आकड्याहून अधिक वाटले तर नवल नाही.

परंतु जेथून हे सुख उगवते, तेथूनच दुःखही. लहान कंपनीत नियमाची जागा ओळखीने घेतलेली असते. आणि ओळखीवर मिळालेली वस्तू हक्काने मागता येत नाही. याला मालकाचा स्वभाव थोडा आणि कायद्याची घडण अधिक कारणीभूत आहे, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. आपल्याकडील कामगारसंरक्षण पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले असून प्रत्येक पायरी म्हणजे नोकरांची एक संख्या आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असा सुंदर नियम घालून दिला, तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूकसंस्थेस. कर्मचारी राज्य विमा योजनेचा दवाखाना आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू होते ते दहा नोकरांपासून. आणि भविष्यनिर्वाह निधी वीसपासून. म्हणजे सात चालकांचा मालक पहिली पायरी चढे आणि उरलेल्या पायऱ्यांच्या खाली उभा राही. १९६१ चा तो अधिनियम आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. पण तो अमलात होता त्या काळातही चालकाच्या तासांची नोंदवही एखाद्या गाळ्यात मांडलेली मी तरी पाहिली नाही. मालक कायदा मोडतो असे नव्हे. बहुतेक वेळा कायदाच त्याच्या दारापर्यंत येत नाही. मग चालकाचे दुखणेखुपणे मालकाच्या कनवाळूपणावर, आणि म्हातारपण देवावर.

एक गोष्ट मात्र नोकरांच्या संख्येवर अवलंबून नाही, आणि ती फार थोड्या चालकांस ठाऊक असते. कामावर असताना अपघात झाल्यास नोकरास नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून मालकावर आहे, मग त्याच्या पदरी एकच चालक का असेना. आणि मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीच्या सक्तीच्या विम्यात पगारी चालकाविषयीची ही जबाबदारी अंतर्भूत असते. विम्याची मुदत संपलेली असली, तर हीच रक्कम मालकाच्या खिशातून वसूल करण्याचा प्रसंग येतो, आणि हप्त्यांनी पोखरलेल्या त्या खिशात हात घालून काय निघणार?

आता मेहनतान्याकडे वळू. त्याचे साधारणतः तीन भाग पडतात : महिन्याचा पगार, खेपेगणिक भत्ता, आणि डिझेलची बचत. पहिले दोन सरळ आहेत, पण पगाराची तारीख सरळ नाही. कारण मालकाला थोरल्या पेढीकडून भाड्याचे पैसे दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी मिळतात, डिझेल मात्र रोज रोख भरावे लागते, आणि या दोहोंच्या मधल्या खिंडीत चालकाचा पगार अडकतो. तिसरा भाग वरवर फार न्यायाचा दिसतो. एका खेपेस इतके लिटर डिझेल असे ठरवून द्यावयाचे, आणि वाचेल ते चालकाचे. पण तळेगावाहून न्हावाशेव्याची वाट बोरघाटातून उतरते. इंग्रजांनी १८३० साली जेथे घाटवाट बांधून काढली, तेथे आज द्रुतगती मार्ग झाला असला तरी डोंगराचा उतार काही बदललेला नाही. चार पैसे वाचविण्यासाठी गिअर काढून, गाडी मोकळी सोडून उतरणाऱ्या चालकाला इंजिनाचा अटकाव मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि ऐन वळणावर पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. असे करू नये हे प्रत्येक जण जाणतो. परंतु पोटाची सोयच डिझेलच्या बचतीशी बांधून ठेवावयाची आणि वर सुरक्षिततेचा उपदेश करावयाचा, ही रीत मला अप्रामाणिक वाटते. पगार सरळ वाढवावा आणि बचतीचा हिस्सा बंद करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भत्ता खेपेवर असल्यामुळे खोळंब्याची झळही चालकालाच लागते. कारखान्याच्या फाटकाबाहेर पाळी येईपर्यंत गेलेला वेळ हिशेबात धरला जात नाही. थोरल्या पेढीला थांबल्याचे भाडे मागण्याची ऐपत असते, तुकडा घेणाऱ्याला ती नसते. चाकणच्या भुईकोटाने १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांच्या हाताखाली शाइस्ताखानाच्या अफाट फौजेला पन्नासाहून अधिक दिवस अडवून धरले होते. त्याच चाकणच्या तळेगाव चौकात सायंकाळी अडकलेल्या चालकाला खानाविषयी थोडी सहानुभूती वाटत असावी.

गाडीच्या वयाचा प्रश्नही मालकाच्या याच तंगीच्या पोटातला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत चालकाचे केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट. पण लहान मालक नवी गाडी घेतो कधी? तो बाजारातून चार-सहा वर्षे पळालेली गाडी उचलतो. तेव्हा वैशाखात इंजिनाची धग अंगावर घेत बसणारा तळेगावचा चालक त्या थंडाव्याची आणखी काही वर्षे वाट पाहील.

आणि मालक कितीही भला असला, तरी त्याचे गिऱ्हाईक बहुधा एकच असते. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तेथील उत्पादन थांबले. पुढे तो ह्युंदाईने घेतला. थोरली पेढी अशा वेळी आपल्या गाड्या दुसरीकडे वळविते. ज्याच्या पाचही गाड्या एकाच फाटकातून आत जात होत्या, त्याने काय करावे? तो आधी गाडी विकतो, आणि गाडीबरोबर चालकाची नोकरी जाते.

थोरल्या पेढीत सारे आलबेल आहे असे नव्हे. तेथील चालक महिनाभर घराबाहेर असतो. त्यावर २०१४ मध्ये स्थापन झालेल्या रिविगो या कंपनीने टप्प्याटप्प्यावर चालक बदलून प्रत्येकास घरी परत पाठविण्याचा प्रयोग केला होता, म्हणजे लहान मालकाकडचे सुख मोठ्या आकारात आणू पाहिले. २०२२ मध्ये तिचा मुख्य व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सकडे गेला.

तेव्हा लहान मालकाकडे रुजू होणाऱ्याने पगाराचा आकडा विचारण्यापूर्वी गाडीचे दस्तऐवज पाहण्यास मागावेत : विम्याची मुदत, योग्यता प्रमाणपत्राची तारीख, आणि जमल्यास टायरही. जादा भार घातल्यास वीस हजार रुपये आणि वर दर जादा टनामागे दोन हजार असा दंड आहे. तो कोण भरणार, हे पहिल्या दिवशीच मालकाच्या तोंडून वदवून घ्यावे, आणि शक्य तर वहीत लिहून घ्यावे. उचल घेतली तर तीही लिहावी, कारण घेणारा आणि देणारा दोघेही आकडा निरनिराळा लक्षात ठेवतात. जो मालक या प्रश्नांनी रागावतो, त्याची गाडी कितीही चकचकीत असली तरी तिच्यावर बसू नये; जो हसून कपाटातून कागद काढतो, त्याच्याकडे दोन वर्षे काढण्यास हरकत नाही. त्या दोन वर्षांत भाडे कसे ठरते, परतीचा माल कोणाकडे मिळतो, वाराई, म्हणजे माल चढविण्या-उतरविण्याची मजुरी, कोणी द्यावयाची, डिझेलची उधारी कोणता पंप देतो, हे सारे गाळ्यातील त्या एका टेबलाशी बसून शिकता येते. थोरल्या पेढीत दहा वर्षे काढूनही ते कानावर पडत नाही. हे शिकलेल्या चालकाच्या मनात मग स्वतःची गाडी घेण्याचा विचार घोळू लागतो. त्या विचाराचा आणि त्यासाठी काढाव्या लागणाऱ्या कर्जाचा हिशेब पुढील लेखांकात मांडू.