‘ट्रेनी’ म्हणजे कोण?

मुलगा कारखान्यांत लागला, असें वडील मंडळी शेजारीपाजारीं हौसेनें सांगतात. परंतु कोणत्या नात्यानें लागला, याची चौकशी क्वचितच होते. अहिल्यानगरजवळील नागापूर वसाहतींत किंवा पारनेर तालुक्यांतील सुपा येथें जाणाऱ्या मुलामुलींच्या नेमणूकपत्रांत ‘ट्रेनी’ हा शब्द दिसला, तर तें पत्र पुनः एकदां वाचावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

१९४८ च्या किमान वेतन कायद्यानें उमेदवारांस अगदींच वाऱ्यावर सोडलें नव्हतें. त्यांच्यासाठीं निराळा दर ठरविण्याची मुभा तेवढी सरकारास दिली होती. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें मात्र त्यांस कामगार या संज्ञेंतूनच वगळलें, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या वेतन संहितेंतही तो अपवाद कायम आहे. अशा उमेदवारास वेतन नव्हे, विद्यावेतन मिळतें. २०१९ च्या नियमांनीं त्याची किमान पातळी शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये अशी ठरविली.

या सवलतीमागील युक्तिवाद पोकळ नाहीं. लेथवर नवखा हात माल बिघडवितो, हत्यार मोडतो, आणि त्यास शिकविणाऱ्या जुन्या कारागिराचाही वेळ खर्ची पडतो. परंतु जें काम पंधरा दिवसांत हातीं बसतें, तें वर्षभर शिकविण्यांत कोणती विद्या आहे? कायम कामगाराच्या जोडीनें, त्याच यंत्रावर, तेवढाच माल तो मुलगा काढूं लागला, म्हणजे विद्यावेतन ही मालकाची निव्वळ बचत होते. (संगमनेरकडे विडी वळणें मुली घरींच आईपाशीं शिकत आल्या, त्यांस कोणी प्रशिक्षणार्थी म्हटलें नाहीं, आणि विडीचा धंदा तर १९४८ च्या कायद्याच्या परिशिष्टांत पहिल्यापासून होता.)

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. संहितेंतील ही सूट १९६१ च्या कायद्याखालीं घेतलेल्या उमेदवारापुरतीच आहे. नुसतें ‘ट्रेनी’ हें नांव दिल्यानें ती लागू होत नाहीं. त्या कायद्यान्वयें लेखी करारनामा व त्याची नोंदणी व्हावी लागते. सरकारी सल्लागाराच्या मान्यतेवांचून उमेदवारास जादा वेळ काम लावतां येत नाहीं, आणि कामावर इजा झाल्यास मालकास भरपाई द्यावी लागते. तेव्हां करारनाम्याची प्रत घरीं मागवावी, आणि कोणता धंदा किती महिने शिकविणार, तें वडिलांनीं स्वतः वाचावें.