हरिद्रा, प्रकाश आणि औषधांना न जुमानणारे जंतू

मधुमेही रुग्णाच्या पायावरील व्रण प्रतिजैविकांना दाद देत नाही आणि मग रुग्ण वैद्याकडे येतो, हा अनुभव सोलापुरातील आपल्या व्यवसायबंधूंना नवा नाही. अशा व्रणांतील प्रतिरोधी जंतूंवर वनस्पतिज द्रव्य व प्रकाश यांच्या संयोगाने मात करण्याविषयी पुष्कळ संशोधन चालू आहे, व त्यात हरिद्रेचे नाव अग्रभागी आहे.

तत्त्व जुनेच. इ. स. १९०० मध्ये म्युनिक येथे ऑस्कर राब यांना आढळले, की ॲक्रिडिन रंगद्रव्याच्या द्रावणातील एकपेशीय जीव प्रकाशात लवकर मरतात. हरिद्रेतील कर्क्युमिन सुमारे ४२० ते ४३० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषून ती ऊर्जा सभोवतालच्या प्राणवायूस देते. असा उत्तेजित प्राणवायू काही मायक्रोसेकंदच टिकतो. पण तेवढ्यात जंतूचे आवरण, प्रथिने व केंद्रकाम्ले यांवर एकदमच आघात होतो. प्रतिजैविक बहुधा एकाच ठिकाणी वार करते, म्हणून जंतूला ती वाट बंद करता येते. येथे ते कठीण जाते.

अडचण अशी, की कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते अतिसूक्ष्म कणांत बसवितात. कणांवर धनभार असल्यास ते जंतूंच्या ऋणभारित पृष्ठभागास चिकटतात. (आपली भस्मेही सूक्ष्मच, परंतु तेवढ्यावरून दोन्ही एक म्हणणे उतावीळपणाचे ठरेल.)

चरकसंहितेत श्वित्रावर मलपूरस पाजून सूर्यताप सेवन करण्यास सांगितले आहे, आणि बाकुचीचा उपयोग आपण जाणतोच. तथापि बाकुचीतील सोरालेन अतिनील किरणांत पेशीच्या केंद्रकाम्लालाच जखडते. ती क्रिया निराळी. बाकुचीचा लेप व सोलापूरचे वैशाखातले ऊन यांनी फोड येतात, हे विसरू नये. हळद लावून व्रण उन्हात धरणे म्हणजेही ही चिकित्सा नव्हे. निळा प्रकाश त्वचेत जेमतेम मिलिमीटरभर शिरतो. खोल व्रण, अस्थिगत पूय किंवा ज्वर असलेल्या रुग्णास शल्यचिकित्सकाकडे विनाविलंब पाठवावे.

फार्मसीचालकांसाठी दोन शब्द. नॅनोकण ग्रंथोक्त पाठात येत नाहीत. असे उत्पादन शास्त्रोक्त औषध म्हणून विकता येणार नाही, सुरक्षिततेचा व परिणामकारकतेचा पुरावा द्यावा लागेल. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. तेव्हा जुना उपयोग कोणाच्या मालकीचा होत नाही. नवी कृती मात्र होऊ शकते. कर्क्युमिनचे अर्क प्रकाशात निकृष्ट होतात, म्हणून ते गडद काचेच्या बाटलीत ठेवावेत.